बोरीबंदरचं आकाश

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईबद्दल याच सदरात लिहिताना मी मोठ्या ऐटीत एक वाक्य टाकलं होतं. ‘घरातली कुठलीही जुनी वस्तू ओलसर फडक्यानं हलक्या हातानं पुसली, की निम्मी नवी होते.’ ते वाक्य आज मी सगळ्यांसमक्ष परत घेते. कारण त्याच ओलसर फडक्यानं, त्याच हलक्या हातानं, मी आमच्या घरातलं एक आकाश पुसून टाकलं आहे.

त्याचं असं झालं. सासूबाईंच्या पलंगाच्या वर एक जुना फोटो आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो तिथेच आहे. चांगला दीड फूट रुंद, शिसवी चौकटीतला. फोटोत बोरीबंदर स्टेशनची ती भव्य इमारत. समोर रुंद रस्ता. रस्त्यावर एक दुमजली ट्राम, दोन व्हिक्टोरिया, डोक्यावर पाटी घेतलेला एक हमाल आणि कडेला ट्रामची वाट बघत उभी असलेली नऊवारीतली एक बाई. फोटो मूळचा काळापांढरा, पण त्यावर हातानं रंग भरलेले. इमारत पिवळट, झाडं पोपटी, बाईचं लुगडं डाळिंबी आणि या सगळ्यावर निळं आकाश. ते निळं खाली येता येता फिकट होत जायचं आणि घुमटाच्या मागे अगदी पुसट गुलाबी व्हायचं.

यंदा काचेला तडा गेलेला दिसला. म्हटलं, काच बदलायचीच आहे तर फोटोही जरा पुसून घ्यावा. चौकट उलटी करून खिळे काढले. आतून साठ-सत्तर वर्षांची धूळ निघाली. फडकं भिजवलं, घट्ट पिळलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पुसायला सुरुवात केली. एक हात फिरवला, दुसरा फिरवला, तिसरा फिरवला. फडकं बघते तो काय, निळंशार!

फोटोच्या आभाळात तीन पांढरे पट्टे उमटले होते. पाटीवर ओल्या स्पंजानं पुसावं तसे.

तुम्हाला खरं सांगते, मला घाम फुटला. सासूबाई आतल्या खोलीत पोथी वाचत बसल्या होत्या. वय वर्षं सत्त्याऐंशी, पण कान अजून तिखट. माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं मात्र, त्यांची काठी वाजलीच. बाहेर आल्या, टेबलाशी वाकून फोटो बघितला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारीही होती.

पण त्या एवढंच म्हणाल्या, “गेलं का ते? आईनं पहाटे उठून काढलं होतं गं.”

मी चक्रावले. कुणाच्या आईनं? काय काढलं होतं?

आमच्या घरात या फोटोची सर्वमान्य हकीकत अशी, की १९५८ साली सासूबाईंचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या माहेरून रुखवतात तो आला. कुठल्याशा दुकानातून विकत आणलेला असणार. आमचे हे तर पाहुण्यांना बिनदिक्कत सांगत, “हा फोटो एकोणीसशे सालचा आहे, अँटिक!” त्यात सासूबाईंनी कधी दुरुस्ती केली नाही. त्या दिवशी मात्र खुर्ची ओढून बसल्या आणि ऐंशी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी माझ्यासमोर उलगडली.

त्यांचं माहेर ठाकूरद्वारच्या एका चाळीतलं. दहा बाय बाराची खोली, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला नळ. १९४४ साली, एप्रिलमध्ये गोदीत तो भयंकर स्फोट झाला, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्यांचे वडील विषमज्वरानं गेले. सासूबाई तेव्हा सहा वर्षांच्या, धाकटा भाऊ तीन वर्षांचा. मामा महिन्याला तांदूळ पाठवीत, पण नुसत्या तांदळावर घर चालतं का? भाडं आहे, रॉकेल आहे, शाळेची फी आहे. चाळीतच एक फोटोवाले राहत. त्यांचा स्टुडिओ काळबादेवीकडे होता. त्यांच्या बायकोनं आईच्या हातची दिवाळीची रांगोळी पाहिली होती. तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं आणि एका रात्री ते गृहस्थ कागदात गुंडाळलेले चार फोटो, रंगाच्या वड्या आणि खारीच्या केसांचे दोन बारीक ब्रश घेऊन आले.

“आम्हा पोरांना सक्त ताकीद होती,” सासूबाई म्हणाल्या. “कुणी विचारलं तर सांगायचं, आई भरतकाम करते. विधवा बाई फोटोवाल्याचं काम करते म्हटलं असतं तर चाळीनं काय काय जोडलं असतं! मोठ्या फोटोला आठ आणे मिळायचे. डाग पडला तर फोटोचे पैसे उलट कापून घ्यायचे.”

मी विचारलं, “आणि हा?”

“याच्यावर डाग पडला होता. हा बघ.” त्यांनी बोट ठेवलं. ट्रामच्या टपाशेजारी उडदाएवढा काळसर ठिपका आहे. इतकी वर्षं मी तो कावळा समजत होते! “परत आला. पैसे कापले गेले. मग आई म्हणाली, आता हा आपलाच. याला मी माझ्या मनासारखा रंगवीन.”

*

मैत्रिणींनो, ही हकीकत ऐकल्यापासून मला या हातानं रंगवलेल्या फोटोंचं वेडच लागलंय. चार पुस्तकं चाळली, जाणत्यांना विचारलं. त्यातलं थोडं तुम्हालाही सांगते.

फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली आणि फार लवकर आपल्याकडे पोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटीसुद्धा निघाली होती. पण फोटोत सगळं उमटलं तरी रंग काही उमटेना. बायकोचा शालू आणि भिंतीवरची ओल दोन्ही करडी! मग माणसानं ती उणीव ब्रशानं भरून काढली. जपानात योकोहामाच्या स्टुडिओंत १८६०च्या दशकात लाकडी ठशांची चित्रं रंगवणारे कारागीर फोटो रंगवायला बसवले गेले. युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंत हे काम पुष्कळदा बायकांकडेच असे. आपल्याकडे चित्रकार मंडळी राजेरजवाड्यांच्या फोटोंवर असा काही रंग चढवीत, की खालचा फोटो दिसूच नये. १९३५ साली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म बाजारात आली, तरी आपल्या घरांत रंगीत फोटो रुळायला सत्तरचं-ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. तोवर रंग हवा असला की हातच कामाला लागायचा.

काम दिसायला सोपं, करायला किचकट. आधी फोटोला तपकिरी छटा देत, कारण काळ्यावर रंग मळकट दिसतो, तपकिरीवर उबदार दिसतो. मग मोठे भाग आधी घ्यायचे. आकाश, रस्ता, इमारत. पाण्याचे रंग असले तर ब्रशानं पातळ हात द्यायचा, तेलाचे असले तर काडीला कापूस गुंडाळून रंग लावायचा आणि पुसत पुसत जवळजवळ नाहीसा करायचा. रंग इतका पातळ हवा, की फोटोतल्या सावल्या त्यातून दिसत राहिल्या पाहिजेत. शेवटी बारकावे. एखादी पगडी, लुगड्याचा काठ, घोड्याचा लगाम.

तेलाचा रंग फोटोवर बऱ्यापैकी धरून राहतो. पाण्याचा रंग मात्र पाण्यानं लावलेला, पाण्यानंच सुटतो. आता कळलं ना माझ्या फडक्यानं काय केलं ते?

आणि आकाशच का जातं, त्याचंही कारण आहे. जुन्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार लवकर भुलत. निळं आकाश प्लेटेवर इतकं ठळक उठे, की फोटोत ते कोरं पांढरं येई. ना ढग, ना छटा. म्हणून जुन्या शहरांच्या फोटोंतली आकाशं बहुतेक कोरीच असतात. इमारतीवर रंग लावायचा तर खाली फोटोचा आधार असतो. आकाश मात्र रंगवणाऱ्यानं सगळंच्या सगळं आपल्या मनातून आणलेलं. ते पुसलं गेलं की खाली काहीच उरत नाही.

*

रात्री घरात सगळे जमले तेव्हा फोटो टेबलावर ठेवून आम्ही त्याची उलटतपासणी सुरू केली.

आधी ह्यांचं ‘एकोणीसशे साल’ निकालात निघालं. मुंबईत ट्राम सुरू झाली १८७४ साली, पण ती घोड्यांची. विजेची ट्राम आली १९०७ मध्ये आणि दुमजली ट्राम १९२० मध्ये. फोटोत दुमजली ट्राम आहे, वर तारा आहेत. म्हणजे फोटो १९२० च्या पुढचाच. इमारत त्याहून जुनी. तिचं काम १८७८ साली सुरू झालं आणि जवळपास दहा वर्षं चाललं. फ्रेडरिक स्टीव्हन्स हा तिचा वास्तुकार. नाव राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं, व्हिक्टोरिया टर्मिनस. पण गिरगावातल्या माणसांच्या तोंडी मात्र बोरीबंदरच, कारण ठाण्याची पहिली गाडी १८५३ साली सुटली ती बोरीबंदरहूनच. १९९६ साली या स्टेशनला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळालं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ आलं, त्याआधी २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. सासूबाईंचं अजूनही बोरीबंदरच.

फोटो बघता बघता त्या बोलत होत्या आणि मुकं चित्र बोलकं होत होतं. मोटरमन पायानं दाबून वाजवायचा ती ट्रामची घंटा. व्हिक्टोरियाच्या घोड्यांच्या लिदीचा आणि ओल्या गवताचा वास. पहिल्या पावसात रुळांच्या खाचांत साचणारं पाणी. ट्रामच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळावी म्हणून भावंडांची झटापट. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली, तेव्हा सासरे त्यांना घेऊन मुद्दाम बघायला गेले होते. केवढी ती गर्दी! “आमचे हे तेव्हा कडेवर होते,” म्हणून मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं, तेव्हा सगळे हसले.

मग आमची लेक म्हणाली, “आजी, पण एक गंमत बघ. स्टेशनच्या घड्याळात पावणेबारा वाजलेत. माणसांच्या सावल्या पायाखाली आहेत. म्हणजे भर दुपार. आणि आकाश मात्र, म्हणजे आईनं उरू दिलंय तेवढं, गुलाबी कसं?”

सासूबाई हसल्या. “अगं, चाळीत तेव्हा वीज नव्हती. रात्री कंदिलाच्या उजेडात आई बसायची. त्या पिवळ्या उजेडात निळं आणि हिरवं यांचा भेद कळत नाही. म्हणून इमारती, माणसं, घोडे रात्री करायची आणि आकाश ठेवून द्यायची. पहाटे फटफटलं, की नळाला पाणी यायच्या आत गॅलरीत पाट टाकून आकाश उरकायची. समोर जे दिसे ते काढी.”

घड्याळात दुपार आणि आकाशात पहाट. इतकी वर्षं हा फोटो आमच्या डोळ्यांसमोर होता आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या काळी मुंबईची कितीतरी रंगीत पोस्टकार्डं जर्मनीत छापून येत. तिथल्या कारागिरानं मुंबईचं आकाश जन्मात पाहिलेलं नसे. आमच्या फोटोतलं आकाश मात्र ठाकूरद्वारचं होतं, पाण्याची रांग लागायच्या आधीचं.

“आणि हे डाळिंबी लुगडं?” मी विचारलं.

यावर सासूबाई जरा थांबल्या. “वडील गेल्यावर आईनं पुन्हा रंगीत लुगडं नेसलं नाही. एक डाळिंबी होतं, इंदुरी, वडिलांनी आणलेलं. ते तिनं मामीला देऊन टाकलं. स्टुडिओच्या फोटोंत मालक सांगतील तो रंग. हा फोटो आपला होता. तेव्हा त्या बाईला तिनं ते लुगडं नेसवलं.”

ह्यांनी चष्मा काढून पुसला. या माणसाची ही सख्खी आजी. त्यांना ठाऊक होती ती फिकट लुगड्यातली, कमी बोलणारी, गुडघे धरून बसणारी म्हातारी. ‘आजी भरतकाम करायची’ एवढीच तिची ओळख. तिच्या हातचं भरतकाम घरात एकही का नाही, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी लेकीला कल्पना सुचली. तिनं फोटो स्कॅन केला, रंग काढून काळापांढरा केला आणि संगणकाला सांगितलं, आता तू रंगव. अर्ध्या मिनिटात रंगीत बोरीबंदर तयार! आकाश एकसारखं निळं, पट्टे गायब, इमारत हुबेहूब आजच्यासारखी. मलासुद्धा हायसं वाटलं. म्हटलं, चला, याची छान प्रत काढून चौकटीत घालू. माझं पापही झाकलं जाईल.

सासूबाईंनी ती प्रत दूर धरून, जवळ धरून पाहिली. “छान आहे गं,” म्हणाल्या. “पण लुगडं करडं झालं.”

खरंच झालं होतं. लेकीनं समजावून सांगितलं, की काळ्यापांढऱ्या फोटोत रंगाची नोंदच नसते. डाळिंबी आणि गडद हिरवा, दोन्ही सारखेच करडे दिसू शकतात. संगणकानं लाखो फोटो पाहिलेले असतात, त्यावरून तो अंदाज बांधतो. बहुतेक बायकांची लुगडी कुठल्या रंगाची असतील, त्याचा अंदाज. सासूबाईंना सगळं कळलं. प्रत परत देताना त्या म्हणाल्या, “मग बरोबर आहे त्याचं. आई त्याला कुठून माहीत असणार?”

एका प्रश्नावर मात्र आमच्यात वाद झाला. माझं म्हणणं, कुणी चांगला चित्रकार गाठावा आणि ते तीन पट्टे भरून घ्यावेत. चूक माझी, खर्च माझा. जुनी कागदपत्रं आणि चित्रं जतन करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, मूळ रंगावर नवा रंग चढवू नका, तो कालांतरानं वेगळाच दिसतो आणि जुनं-नवं पुन्हा निवडता येत नाही. आहे तसा जपा. मला ते पटेना. रोज ते पट्टे बघायचे म्हणजे रोज स्वतःचा वेंधळेपणा बघायचा.

शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. “राहू देत. आईचा एक डाग आहे, तुझे तीन. घरच्या बायकांचेच आहेत ना?”

यावर मी काय बोलणार?

*

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द आपण हल्ली सहज वापरतो. त्याचा जन्म १६८८ सालचा. योहानेस होफर नावाच्या स्वित्झर्लंडमधल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधासाठी ग्रीक शब्द जुळवून तो केला. ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. घरापासून दूर राहून झुरणाऱ्या माणसांच्या दुखण्याला त्यानं दिलेलं हे नाव. ते वाचताना मला हसूच आलं. यासाठी ग्रीक शब्द कशाला जुळवायला हवे होते? आपल्याकडे जात्यावर बसणाऱ्या प्रत्येक सासुरवाशिणीला हे दुखणं ठाऊक होतं. माहेरची ओढ म्हणत त्याला.

पण माहेरच्या ओढीत एक फसगत असते, नाही का? सासरी बसून आठवलेलं माहेर नेहमी गुलाबीच असतं. जुन्या शहराचे फोटो बघताना आपलं तसंच होतं. मोकळे रस्ते, ट्राम, व्हिक्टोरिया बघून आपण उसासा टाकतो, किती सुंदर होती तेव्हाची मुंबई! सासूबाईंना मी तेच म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “सुंदर होती. आणि रात्री दोन वाजता आईचे डोळे चुरचुरायचे, तेव्हा मी तिला थंड पाण्याची पट्टी द्यायची. तेही तेव्हाचंच.”

हा फोटो मला आता पूर्वीपेक्षा जास्त आवडतो, तो यामुळेच. त्यातली मुंबई खोटी नाही, पण ती कुणीतरी रात्री जागून रंगवलेली आहे.

काच नवी आली. फोटो पुन्हा चौकटीत जाण्याआधी सासूबाई म्हणाल्या, मागे नाव लिहा. लेकीनं एका चांगल्या कागदावर मऊ पेन्सिलीनं लिहिलं: रंगकाम, मग पणजीचं पूर्ण नाव, ठाकूरद्वार, मुंबई, १९४६. स्टुडिओचा शिक्का फोटोच्या मागे आधीपासून आहे. पणजीचं नाव पहिल्यांदाच लागलं. ते कागदावर वाचताना सासूबाईंचे ओठ हलत होते. नाव इथे छापत नाही. ऐंशी वर्षं झाकून ठेवलेलं नाव आधी घरात तरी नीट रुळू दे.

*

आता कामाचं. माझ्यासारखी फजिती तुमची होऊ नये म्हणून, जुन्या फोटोंची काळजी कशी घ्यायची ते सांगते. वहीत टिपून ठेवा.

१. जुन्या फोटोला, विशेषतः हातानं रंगवलेल्या फोटोला, पाणी, कोलन वॉटर, काच पुसायचं द्रव, काहीही लावू नका. मऊ, कोरड्या, स्वच्छ ब्रशानं मधून बाहेरच्या बाजूला धूळ झटका. रंगाचे पोपडे सुटत असतील तर ब्रशही नको.

२. काच पुसायची तर फडक्यावर द्रव घेऊन पुसा. काचेवर थेट फवारलं तर ओल कडेनं आत उतरते.

३. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. रंग काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काचेसकट तसाच जाणकाराला दाखवा.

४. नव्यानं चौकट करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी चारी बाजूंनी घालायला सांगा, म्हणजे दोघांत हवा राहते. मागे वर्तमानपत्र किंवा साधा पुठ्ठा नको. त्यातल्या आम्लानं फोटो पिवळा पडतो. आम्लविरहित कागद मिळतो, तो मागा.

५. फोटो उन्हाच्या तिरिपेत लावू नका. बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात ओल येते, तिथेही नको. स्वयंपाकघराजवळ तर नकोच, फोडणीचा धूर आणि तेलकटपणा चौकटीतूनही आत जातो.

६. पेटीत ठेवायचे असले तर प्रत्येक फोटोमध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला. डांबराच्या गोळ्या फोटोंत ठेवू नका. माळ्यावर उष्मा असतो, जमिनीलगत ओल. मधल्या कपाटातली जागा उत्तम.

७. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन करून घेऊ नका. दोन्ही पुन्हा काढता येत नाहीत.

८. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला आणि अगदी हलक्या हातानं. बॉलपेनची रेघ पुढे उमटते, शाई पसरते.

९. पुसण्याआधी, चौकट बदलण्याआधी, काहीही करण्याआधी, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता त्याचा एक फोटो काढून ठेवा. मी काढला असता तर ते आकाश निदान पडद्यावर तरी राहिलं असतं.

१०. हा उपाय सगळ्यांत महत्त्वाचा आणि फुकटचा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ फोटो घेऊन बसा आणि विचारा. कुणाचा आहे, कुठला आहे, कुणी काढला, कुणी रंगवला. फोटो शंभर वर्षं टिकतो. सांगणारं माणूस तेवढं टिकत नाही.

आमचा फोटो पुन्हा आपल्या जागी गेलाय. पट्टे दिसतात. सकाळी चहा घेऊन गेले की सासूबाई आधी फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि म्हणतात, “आज आभाळ आलंय गं बोरीबंदरला.” मीही म्हणते, “हो आई, छत्री घेऊनच निघायला हवं.”

तुमच्या घरी भिंतीवर, ट्रंकेत, पोथीच्या पानांत असा एखादा रंगवलेला फोटो असेल तर त्याची हकीकत मला जरूर लिहून पाठवा. फोटो पाठवू नका, तो घरीच सांभाळा. आणि फडकं कोरडंच ठेवा!